गालावरचं बोट

नाशिकला बहिरेपणावरच्या संशोधनाची स्पर्धा होती आणि तिघा परीक्षकांची ओळख करून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका. आमची मुलंही समोर बसलेली, म्हणून तोंडाने बोलायचं आणि हातांनी खुणाही करायच्या.

तिसऱ्या परीक्षक बाई एकेकाळी आमच्याच शाळेत होत्या. जेमतेम दोन वर्षं शिकवलं, मग पुण्याला जाऊन डॉक्टरेट केली आणि आता येवल्याची पैठणी नेसून व्यासपीठावर. मी अजून त्याच वर्गात, त्याच फळ्यापुढे. ‘आमच्या जुन्या सहकारी’ म्हणताना माझी जीभ जड झाली.

आमची मुलं माणसाला नावाने नाही, खुणेने ओळखतात आणि ती खूण मुलंच ठरवतात. पहिल्या दोघांना खूण नव्हती, म्हणून मी एकाचा टाय दाखवला, दुसऱ्याच्या मिशा. बाईंकडे वळले, तर माझा हात उठायच्या आधीच सगळ्या रांगांनी गालावर बोट टेकवलं. बाईंची खळी. ज्यांनी बाईंना कधी पाहिलंही नव्हतं, त्या चिमुरड्यांनीसुद्धा. मोठ्या मुलांनी ती खूण त्यांच्यापर्यंत जपून आणली होती.

बाई हसल्या. खळी पडली. कधी एकदा हे संपतंय असं मला झालं आणि सवयीने मी घड्याळात पाहिलं. पुढच्या रांगेतली मुलं खुदखुदली आणि मनगटावर बोट आपटून त्यांनी परीक्षकांना माझीही ओळख करून दिली.