मोडक्या किड्याचं खरं नाव

बाईंची आणि माझी पहिली ओळख एका टोळावरून झाली. कॉलेजातला पहिलाच आठवडा होता. कीटकांच्या तासाला मी आणलेल्या टोळाचा पाय मोडला, म्हणून मी तो केरात टाकला. प्रा. नलिनी गायधनी बाईंनी तो उचलून माझ्यासमोर ठेवला. "पाय मोडला म्हणून तो टोळ राहिला नाही का रे? काढ चित्र." चित्र काढलं आणि वर त्यांच्या डब्यातलं थालीपीठही खाल्लं. मनमाडहून पहाटे निघालेली पोरं उपाशी असतात, हे बाईंना न सांगता कळायचं.

यंदा बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. आम्हा विद्यार्थ्यांना शाल-श्रीफळाहून मोठं काही द्यायचं होतं. पूर्व आफ्रिकेत नोकरी केलेल्या एका नाशिककरांनी आमच्या कॉलेजच्या संग्रहालयाला दिलेल्या पेटीत तीन आउलफ्लाय होते. हा कीटक दिसतो चतुरासारखा, मिशा मात्र फुलपाखरासारख्या लांब, टोकाला गाठ असलेल्या. तिन्ही किडे कसरीने खाल्लेले, पंख फाटलेले. एकाच्याच मिशा शाबूत, आणि त्या चक्क आखूड! अशी जात कुठेच नोंदलेली नव्हती. आमचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. नव्या जातीला बाईंचं नाव द्यायचं आणि ते बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या याच गौरवग्रंथात जाहीर करायचं, असं ठरलं.

बाईंना किडे दाखवले, तेव्हा माझा मित्र दत्ता पगार याच्या पोटात ते गुपित राहिलं नाही. बाई चक्क लाजल्या. मग भिंगाला डोळा लावून एकेक किडा निरखू लागल्या.

"दत्ता, थोडं कोमट पाणी आण."

कुंचल्याने त्यांनी मिशांच्या मुळाशी पाणी लावलं. डिंक सुटला आणि दोन्ही मिशा गळून पडल्या. डागडुजी करताना कुणीतरी दुसऱ्याच किड्याच्या मिशा चिकटवल्या होत्या.

बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. तिघांच्या पंखांवरच्या शिरा सारख्या आहेत ना, म्हणजे तिन्ही एकाच जातीचे ना, हे त्यांनी आधी पाहिलं. मग एकाचा पंख, दुसऱ्याचं पोट जुन्या वर्णनांशी ताडत बसल्या. जात फारशी कुणाला माहीत नसलेली निघाली, पण जुनीच.

"बाई, लय हौसेनं तुमचं नाव ठेवलं होतं वो," दत्ता कळवळून म्हणाला.

"अरे, त्याला त्याचं नाव आहे. त्याच्यावर माझं कशाला चिकटवता? मिशा चिकटवल्या तेवढं पुरे झालं."

आम्हाला वाईट वाटलं. मला अजून वाटतं. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र हरवलेलं माणूस घरी पोचवल्याचा आनंद होता.

बाईंना उदंड आयुष्य लाभो आणि त्यांची नजर अशीच राहो, कारण आमच्या पुष्कळ चुका अजून पकडायच्या राहिल्या आहेत. किड्याची ओळख ज्याने पटवली त्याचं नाव टाचणीखालच्या चिठ्ठीवर लिहायचा संग्रहालयांचा रिवाज आहे. दत्ताने ती चिठ्ठी आपल्या सुंदर अक्षरात लिहिली. वर किड्याचं नाव आहे, आणि खाली बाईंचं.