सीटखालचा कंपनीचा डबा

नांदेडात कारटेपचं दुकान चालवायचं म्हणजे रोज एक किस्सा फुकट मिळतो. लोक ऐकून हसतात, माझं मात्र डोकं फिरतं! भानगड एकच. काही गाड्यांत कंपनीनं सीटखाली एक डबा बसवलेला असतो, अ‍ॅम्प्लिफायर. स्पीकरला आवाज तोच पुरवतो. बाहेरचा टेप लावला की त्या डब्याला जागं करणारी एक बारीक वायर जोडावीच लागते. नाही जोडली तर स्क्रीन झगमगते अन् गाडी मुकी! पण ऐकून कोण घेतं?

* * *

हिमायतनगरच्या एका ठेकेदारानं व्हिडिओ बघून घरीच टेप बसवला. आवाज नाही म्हणून माझ्याकडं आला. बघतो तर कंपनीचं कपलर, म्हणजे सगळ्या वायरींचा एकत्र जोड, कात्रीनं कापलेलं!

"वायरी कशा जोडल्या?"

"रंग बघून. लालला लाल, काळीला काळी. ज्यांचा जोडा न्हाई मिळाला, त्या कापून टाकल्या की!"

* * *

नायगावचे एक गुरुजी. दुसऱ्या दुकानदारानं 'चारही स्पीकर जळाले' म्हणून त्यांना नवे बसवून दिले होते. तरी गाडी मुकीच. मी ती एक वायर जोडली अन् गाणं दणक्यात सुरू झालं. वाटलं, शाबासकी मिळेल.

"म्हंजे जुने स्पीकर चांगले होते?"

"हो."

"मग तुम्ही आधी का न्हाई सांगितलं?"

"अहो, तुमचं तोंडच मी आज पहिल्यांदा बघतोय!" माझा आवाज पार चौकापर्यंत गेला. गुरुजी तणतणत निघून गेले.

गल्ल्यावर माझी बायको सुनंदा बसते. ती म्हणाली, "तुमच्या तोंडानं दुकान बुडायलंय. आता एक जरी गिऱ्हाईक चिडून गेलं तर हे विकायचं अन् देवणीला माझ्या दादाच्या गोठ्यावर जायचं. गाई काय वायरी कापत न्हाईत!"

मी मुकाट्यानं कबूल झालो.

* * *

मग लातूरचा एक तरुण आला. आवाज फाटत होता. सीटखालच्या डब्याला झेपेल एवढाच टेपचा आवाज ठेवून मी गाणं स्वच्छ केलं.

"भाऊ, बिघडवलं की हो! फाटल्याबिगर वरातीत कोण नाचतंय?"

दात-ओठ खाल्ले अन् होतं तसं करून दिलं. तो खूश होऊन गेला. माझं रक्त दिवसभर उकळत होतं.

* * *

अन् परवा देवणीहून खुद्द दादा आला. सुनंदाचा सख्खा मोठा भाऊ. नवा टेप, आवाज बंद. सीटखाली हात घातला, तर जागा रिकामी!

"दादा, इथला डबा?"

"तो व्हय? नव्या टेपला जुना डबा कशाला! भंगारवाल्याला दिला. स्पीकर ठेवलेत बरं का, मी काय येडा हाय का?"

सुनंदाची अट आठवली अन् मी जीभ आवरली.

"दाजी, आवाज का येईना? जमत नसंल तर तसं सांगा, दुसऱ्याकडं नेतो!"

मी स्क्रूड्रायव्हर उचलला. कानशिलं तापली होती. तेवढ्यात सुनंदा गल्ल्यावरून उठून आली. तिनं माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.

"तुम्ही जरा बाहेर जाऊन चहा पिऊन या. शिव्या मला द्यायच्यात!"