चार गोळ्यांचा आवाज

महाडच्या दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्या देणारे काका प्रत्येकाची बाटली आधी कानाशी धरून हलवायचे, मगच आतल्या उरलेल्या गोळ्या मोजायचे. नारळातलं पाणी ऐकावं तसे. डोळे अर्धे मिटलेले, आणि खिडकीबाहेर धुकं.

मी लांब बीडकडचा, सातवीत शाळा सोडलेला, पोलादपूरला हॉटेलात कामाला. खोलीतल्या सोबत्यांना कळू नये म्हणून रात्रीची गोळी पुष्कळदा चुकायची. सगळ्या घेतल्या असं वाटावं म्हणून उरलेल्या गोळ्या नदीत सोडून मी रिकामी बाटली न्यायचो.

मग रक्तातला विषाणूंचा भार वाढलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, औषध बदलावं लागेल.

काकांनी बाटली कानाशी धरली. "गप्प हाय रे," ते हळूच म्हणाले. "रोजच्या दोन, अशा तीस दिवसांच्या देतो. बोलावतो अठ्ठावीस दिवसांनी. चार उरायला पायजेत ना?"

मी सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत, मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. "साहेब, औषध हरलं नाय, याच्या पोटातच गेलं नाय. पुढची औषधं थोडीच हायेत, आत्ताच कशाला काढायची?"

तीन महिने न चुकता घ्यायचं, पुन्हा तपासायचं, तरीही भार राहिला तरच बदलायचं, असं ठरलं.

पुढच्या तपासणीत भार इतका उतरला होता की यंत्राला मोजता आला नाही. कागद काकांनीच वाचून दाखवला. मग माझी बाटली कानाशी धरून, डोळे पूर्ण मिटून, मागची रांग विसरून ते चार गोळ्या ऐकत राहिले.