टॉवरच्या जाळीमागचं पातळ

मंडळी, गेल्या आठवड्यात मी इथे आपल्या ग्रुपवर छातीठोकपणे लिहिलं होतं, की सिनेमाला उभे टॉवर स्पीकर ठीक, पण गाण्यात त्यांचा आवाज दबतो. कपाटावर मावणारे छोटे बुकशेल्फ स्पीकरच घ्या. ग्रुपमधल्या सटाण्याच्या दादांनी ते वाचून टॉवरचा बेत रद्द केला.

आज द्वारका चौकाजवळ राहणारा माझा मित्र त्याचे बुकशेल्फ घेऊन घरी आला. दोन्ही शेजारी ठेवून ऐकायचं ठरलं. त्याने सहज माझ्या टॉवरची पुढची जाळी काढली, तर आतून आईच्या जुन्या पातळाचा तुकडा, नीट टाके घालून बसवलेला!

मी त्याच्यासमोरच आईवर ओरडलो, "हे उद्योग कुणी सांगितले होते तुला?"

"अरे, आत धूळ जाते म्हणून लावलं. दिवाळीच्या साफसफाईत तुला सांगितलं होतं की. तू गाणं ऐकत होतास, 'हं' म्हणालास."

कापड काढून माझं नेहमीचं गाणं लावलं. आवाज एकदम मोकळा, लख्ख. मित्र मान खाली घालून वायरी गुंडाळत राहिला.

दादा, टॉवर बिनधास्त घ्या, माझं चुकलं.

पण आईला काय सांगू? ती मघापासून स्वयंपाकघरात आहे, आणि तिथून भांड्याचा आवाजसुद्धा येत नाहीये.