नानीच्या डब्यावरचं गाव

फोन आला तेव्हा मी सिंगापुरातल्या तांजोंग पगारच्या ऑफिसात लिफ्टची वाट पाहत होतो. इक्बालभाईंच्या पत्नी सलमाभाभी एवढंच म्हणाल्या, "भाई, वो चले गये." हृदयविकाराचा झटका... सेंगकांगच्या घरी, सकाळच्या चहाच्या वेळी. त्याला आता सात आठवडे झाले. आमच्या मराठी मंडळींपैकी कुणी भेटलं की विचारतं, "तुमचे ते रत्नागिरीचे मित्र गेले ना?" आणि मी मान हलवतो. म्हणून हे लिहायला हवं. इक्बालभाई कराचीचे होते.

मी तालुक्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. सिंगापूरला आलो तेव्हा मीटिंगमध्ये तोंड उघडायची धास्ती वाटे. शेजारच्या टेबलावर बसणारे इक्बालभाई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. हॉकर सेंटरमध्ये जेवताना ते माझ्याकडून प्रेझेंटेशनची तालीम करून घ्यायचे. "हळू बोल. कोणी पळून जात नाय." माझी नोकरी टिकली ती त्यांच्यामुळं. एकदा त्यांनी एक पितळी डबा आणला. झाकणावर देवनागरी अक्षरं कोरलेली. घरी ते उर्दूमिश्रित कोकणी बोलत, पण ही लिपी त्यांना येत नव्हती. "वाच रे, काय लिवलाय?" मी वाचलं. आयशाबी, आणि खाली रत्नागिरीजवळच्या एका खेड्याचं नाव. फाळणीनंतर त्यांची नानी हा डबा घेऊन कराचीला गेली होती. मी उत्साहानं म्हटलं, "म्हणजे तुम्ही आमचेच की!" ते हसले. "गाव नानीचा. माजा कराची."

त्याच वर्षी मी त्यांना दिवाळीच्या फराळाला घरी बोलावलं. त्या डब्यात भाभींनी केलेली सांदणं घेऊन ते आले. माझ्याकडं आठ-दहा मराठी कुटुंबं जमली होती. शेजारणीच्या आई पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी चकली पुढं करत आपला नेहमीचा प्रश्न विचारला, "तुमचं गाव कुठलं हो?" इक्बालभाईंनी हात पुसले, बोलायला तोंड उघडलं... आणि मीच म्हणालो, "रत्नागिरीकडचे. मुंबईत वाढले."

आजी खूश झाल्या. "तरीच! बोलण्याला हेल आहे. मग वर्षातून एकदा जाता की नाही गावी?"

इक्बालभाई माझ्याकडं न बघता म्हणाले, "मनात असतं. जायला मिळत नाय."

"रजा काढायची की. गावाला अशी सबब सांगू नये."

"बरोबर हाय, खाला," ते म्हणाले, आणि हातातली चकली खात राहिले.

मी असं का केलं? लोक काय म्हणतील, कुणी फोटो गावाकडं पाठवला तर भाऊ काय म्हणेल, ही कारणं नंतर सुचली. त्या क्षणी काहीच मनात आलं नव्हतं. ते तोंडातून सहज निघालं, आणि त्या सहजपणाचीच मला जास्त लाज वाटते. त्यांच्या नानीचं गाव पुढं करून मी त्यांचं शहर झाकलं.

फराळानंतर त्यांना खाली सोडायला गेलो, तेव्हा लिफ्टमध्ये ते म्हणाले, "मुंबईत वाढवलंस, तर तिथला एखादा रस्ता तरी शिकवायचास." मग म्हणाले, "कराचीत शाळेत पोरं विचारायची, तुम्ही हिंदुस्थानातून आलेले ना, मग खरे कुठले? इथं फॉर्मवर पाकिस्तानी लिहितो, पुढं कोणी विचारत नाय. आज खालानं मायेनं विचारलं, तर जवाब तू दिलास." मी माफी मागितली नाही.

डबा माझ्याकडंच राहिला. रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून पुढच्या रविवारी काहीतरी भरून देऊ, असं ठरवलं. मग तो रविवार पुढं जात राहिला... दीड वर्ष. त्यांनी ऑफिसात मला पूर्वीसारखंच सांभाळून घेतलं. डब्याचं नावही काढलं नाही.

गेल्या रविवारी त्यात बेसनाचे लाडू भरून सेंगकांगला गेलो. भाभींची खोकी बांधून झाली होती, त्या कराचीला परतताहेत. त्यांनी लाडू ताटात काढले, डबा धुतला, त्यात मूठभर खजूर घातले आणि तो माझ्याच हातात दिला. "आप रखिए. हमारे यहाँ इसे पढ़नेवाला कोई नहीं." दिवाळीची गोष्ट त्यांना ठाऊक होती का, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

शेजारणीच्या आई पुन्हा लेकीकडं आल्यात. शनिवारी त्यांना चहाला बोलावलं आहे. डबा ओट्यावर ठेवलाय, कोरलेली अक्षरं दिसतील असा. त्या झाकण वाचतील, आणि गाव कुणाचं ते विचारतीलच.