रूथबाई आणि माझा दर वर्षीचा निर्णय

दुपारची भांडी आवरून मी इडलीचं पीठ दळायला लावलं होतं, तेवढ्यात भावाचा फोन आला. आमच्या कोल्हारच्या घरून भरदुपारी कुणी उगीच फोन करत नाही, त्यामुळे त्याचं नाव दिसताच मी हात पुसून फोन उचलला. "ताई, रूथबाई गेल्या. संध्याकाळी माती हाय." दळणाच्या आवाजात मी दोनदा विचारलं, कोण? ऐकू आलं होतं, तरी विचारलं. मी इथं कोइमतूरजवळ एका वृद्धाश्रमात स्वयंपाक करते. इथून घरी पोचायचं म्हणजे दोन दिवस गाडीतच जातात, आणि बाईंना तर त्याच संध्याकाळी पुरायचं होतं. भावाने कबरस्तानातून व्हिडिओ लावला. लोकांच्या पाठी दिसल्या, चर्चच्या पाळकसाहेबांचा पांढरा झगा दिसला, गीत सुरू झालं... आणि रेंज गेली. पडद्यावर तो गोल नुसता फिरत राहिला. मग मी रात्रीच्या जेवणासाठी डाळ धुवायला घेतली. इथं रडायचं तरी कुणाजवळ? बाई कोण, हेच मला इथल्या भाषेत सांगता आलं नसतं.

बाई श्रीरामपूरला प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. लग्न केलं नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्या एसटीने आमच्याकडे यायच्या, एका खांद्याला पर्स, दुसऱ्या हातात कापडी पिशवीत डफ. स्टँडवरून चालत आमच्या वस्तीवर येईपर्यंत त्यांच्या मागे दहा-बारा पोरं गोळा झालेली असायची. म्हातारी माणसं ओट्यावरूनच "सलाम, बाई" म्हणायची आणि बाई सगळ्यांना नावानिशी सलाम करत यायच्या. देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पायरीवर बसून आमचा तरुण संघ भरायचा. तरुण कसले, बारा-चौदा वर्षांची शेंबडी पोरं आम्ही. गाणी म्हणायची, बायबलमधलं वचन पाठ करायचं, आणि मग बाई विचारायच्या, "आठवडाभर कुणाशी भांडलात? नावं नका सांगू, नुसतं मनात आणा." आम्ही नावंच सांगायचो.

मे महिन्यात शिबिर असायचं. आजूबाजूच्या गावांतली पोरंपोरी मिशनच्या जुन्या शाळेत चार-पाच दिवस राहायची. शेवटच्या संध्याकाळी समर्पणाची सभा. ज्यांनी सभा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, बाहेरून आलेले उपदेशक बोलायचे, पेटी हळू वाजत राहायची, आणि मग ते म्हणायचे, डोळे मिटा, माना खाली घाला, कुणी कुणाकडे बघू नका; ज्याला आपलं आयुष्य प्रभूला द्यायचंय त्याने हात वर करून पुढे यावं. आमच्यात नुसतं ख्रिस्ती घरात जन्मून भागत नाही, तारण व्हायला, म्हणजे पापातून सुटायला, प्रत्येकाने एकदा स्वतःहून निर्णय घ्यायचा असतो. एकदा. मी बारा वर्षांची असताना घेतला. पुढे जाऊन सतरंजीवर गुडघे टेकले, बाईंनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि मला एवढं हलकं वाटलं की रात्रीचा वरणभात दोनदा घेतला. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी भावाला चिमटा काढला आणि वाटलं, गेलं... सगळं गेलं. वर्षभर तो घोर. अभ्यासात लक्ष नाही, झोपताना भीती, की त्या दिवशी आपण नीट म्हटलंच नसेल, एखादा शब्द गाळला असेल, म्हणून ते लागू झालं नसेल. मग पुढच्या मे महिन्यात मी परत हात वर केला. त्याच्या पुढच्याही.

पोरं काय डोळे मिटतात! दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीजवळ सुरू व्हायचं. "सुवार्ता, यंदा पण? तुझं पाप लई टिकाऊ हाय बुवा!" "आगं, एवढ्या वेळा तर कपडे पण धुवत न्हाईत." मला 'हातवर' असंच नाव पडलं होतं. एका वर्षी तर उपदेशकच मला ओळखून बाईंना हळूच म्हणाले, "ही मुलगी मागच्या वर्षीही होती ना?" मी गुडघ्यांवर होते, सगळं ऐकत होते, कान तापले होते. बाई म्हणाल्या, "होती की. पंगतीत दुसऱ्यांदा भाजी मागितली तर वाढता ना तुम्ही? का विचारता, मघाशी खाल्ली तिचं काय केलं?" आणि माझ्यासाठी पूर्ण प्रार्थना केली. आटोपशीर नाही. पहिल्यांदा केली होती तेवढीच, आईबापाच्या नावासकट.

बाई पोरांना ओढून नेत, असं कुणाला वाटेल म्हणून हेही सांगते. एका शिबिराला शेजारच्या वस्तीवरची मंदा माझ्याबरोबर खेळायला म्हणून आली होती. तिचे आईवडील ऊसतोडीला जाणारे, घरात खंडोबाचा टाक. शेवटच्या संध्याकाळी पेटी ऐकून तिचेही डोळे भरून आले आणि ती पुढे निघाली. बाईंनी तिला मध्येच गाठलं, पदराने डोळे पुसले आणि आपल्या शेजारी बसवून घेतलं. "आईबापाला न विचारता काय बी करायचं न्हाई, बाळा. मोठी हो. तेव्हा वाटलं तर ये, न्हाई वाटलं तरी ये, चहा प्यायला." मंदा मोठी झाली, लग्न होऊन घोडेगावला गेली, आणि बाईंकडे चहालाच येत राहिली. मातीलाही आली होती म्हणे.

नववीत माझी शाळा सुटली. आईला अर्धांगवायू झाला, भाऊ लहान, वडील कारखान्यावर. घरात कुणीतरी लागत होतं. त्या मे महिन्यात मी शिबिराला जायचंच नाही असं ठरवलं होतं. सगळ्या शाळेत जाणाऱ्या पोरी, एकमेकींना टक्के विचारणार. बाई घरी आल्या. शाळेबद्दल चकार शब्द काढला नाही. आईच्या पायाला तेल चोळत बसल्या आणि उठताना म्हणाल्या, "शिबिराला भाकरीला माणूस न्हाई माझ्याकडं. येतीस का? आईला मावशी बघंल, मी बोलले तिच्याशी." तशी मी गेले, पण चुलीपाशी. शेवटच्या संध्याकाळी पेटीचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. डोळे मिटा, माना खाली घाला... माझे हात पिठाने भरलेले, तव्यावर भाकरी, आणि परातीत अजून निम्मं पीठ. वाटलं, हे वर्ष गेलं. शाळेसारखंच हेही आता आपल्यासाठी नाही.

सभा संपली. पोरं गलका करत हातपाय धुवायला गेली आणि बाई मागच्या दाराने आत आल्या. घामाने निथळत होत्या, घसा बसला होता. मला म्हणाल्या, "तू आली न्हाईस, म्हणून मी आले." मी रडायलाच लागले. विचारलं, "बाई, सारखं सारखं केलं तर देवाला राग येत असंल का?"

"राग यायला तो काय तुझा गणिताचा मास्तर हाय?" असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. धुराने दोघींचे डोळे चुरचुरत होते. भाकरी करपली. प्रार्थना पूर्ण झाली तेव्हाच त्यांनी ती तव्यावरून काढली आणि करपलेली बाजू स्वतःच्या ताटात घेतली.

पुढे आई गेली आणि मी घरात नुसती भिंतीकडे बघत बसायला लागले, तेव्हा हे कामही बाईंनीच ओळखीतून लावून दिलं. रेल्वेत बसवायला श्रीरामपूरच्या स्टेशनवर आल्या होत्या. इथं मला पगार आहे, स्वतःची खोली आहे, आजीआजोबा माझ्या हातचा सांबार मागून घेतात. मी ज्यांची ज्यांची ऋणी आहे त्यांत बाई पहिल्या. पण मराठी मात्र मी फक्त रविवारी दुपारी बोलायची, बाईंशी. गच्चीवर रेंज चांगली लागते, तिथं जाऊन.

गेल्या नाताळात सुट्टी मिळाली तशी त्यांना भेटायला गेले. भाचीकडे, पुष्पाताईकडे असायच्या. खाटेवर एवढुशा झाल्या होत्या. विसरायला लागल्या होत्या, पण मला ओळखलं. हात धरून जवळ ओढलं आणि अगदी लहान आवाजात विचारलं, "सुवार्ता, माझं तारण झालंय ना गं?"

मी पुष्पाताईकडे बघितलं. ती म्हणाली, "सारखं तेच विचारत्यात. पाळकसाहेबांनी दहादा सांगितलं, पटतच न्हाई. आता तर आम्ही नुसतं व्हय व्हय म्हणतो."

शेकडो पोरांच्या डोक्यावर हात ठेवलेली ही बाई. मी नववी नापाससुद्धा नाही, नववी सोडलेली. मला काय अधिकार? पण त्यांचे डोळे... त्या डोळ्यांतली भीती मला पाठ होती. मी खाटेशी गुडघे टेकले, त्यांच्या विरळ केसांवर हात ठेवला आणि पूर्ण प्रार्थना केली, त्यांच्या आईबापाच्या नावासकट. ती नावं पुष्पाताईने मागून सांगितली. बाई "आमेन" म्हणाल्या आणि चहा मागितला. त्यानंतर दर रविवारी फोनवर तोच प्रश्न आणि तीच प्रार्थना. एकदाही मी मध्ये काही गाळलं नाही. ते मी त्यांच्याकडूनच शिकले.

शेवटच्या रविवारी मात्र त्यांनी विचारलं नाही. आज काय केलंस, म्हणाल्या. मी म्हटलं, वांग्याची भाजी. "कूट घातलास ना?" एवढंच बोलणं झालं. त्यांना शांती मिळाली होती, का त्या प्रश्नच विसरल्या होत्या... मी रोज चुलीपाशी हाच विचार करते. कधी एक वाटतं, कधी दुसरं. पुष्पाताईला विचारलं तर म्हणाली, शांत होत्या. आता मला कुणीही तेच सांगणार.

आमच्यात मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत. जे व्हायचं ते जिवंतपणीच ठरलं, असं बाईंनीच आम्हाला शिकवलं होतं. तरी रविवारी दुपारी पाय गच्चीवर वळतातच. फोन हातात असतो, लावायचा कुणाला नसतो. वाळत घातलेल्या चादरी फडफडत असतात आणि ती प्रार्थना तोंडात येऊन थांबते, कारण नाव घ्यायची जागा येते आणि तिथं बाईंचं नाव घालता येत नाही. असे बरेच रविवार गेले. गेल्या रविवारी मी तिथं माझं घातलं. बाई घ्यायच्या तशीच, आईबापाच्या नावासकट. मोठ्याने, मराठीत. खालून तमिळमध्ये हाक आली, चहाचं दूध तापवायचं होतं. मी आमेन म्हटलं आणि मगच जिना उतरले.