दोन ते अडीच

सगुणाबाई प्रार्थनेला उभी राहिली की शरणपूरच्या चर्चमधल्या बायका डोळे मिटण्याआधी गॅसवर काय ठेवून आलोय ते आठवून घेत. प्रार्थना लांबणार हे ठरलेलं. पण ती ऐकावीशी वाटे, हेही खरं सांगायला हवं. ‘हे परमदयाळू स्वर्गीय पित्या’ अशी सुरुवात झाली की पाळकसाहेबांचा उपदेश विसरून जावा. निफाडकडच्या खेड्यात वाढलेली आणि मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स म्हणून राबलेली ही बाई एरवी ‘लय’ आणि ‘नाय’ बोलायची. देवापुढे मात्र तिची भाषा कडक इस्त्री केलेली असायची.

कुणाच्या मुलीचं लग्न जमत नाही, बोलवा सगुणाबाईला. कुणाचं पोर दहावीला बसलंय, बोलवा सगुणाबाईला. देवाकडे वशिला लावायचा तर तो हिचाच, असं सगळे धरून चालले होते. आणि आठ वर्षं झाली होती, घरात एकटी असताना या बाईनं देवाशी चकार शब्द काढला नव्हता.

पूर्वी असं नव्हतं. नवरा इगतपुरीला रेल्वेत होता. मुलगी साधना चार वर्षांची असतानाच तो वारला आणि घरात मायलेकी दोघीच उरल्या. दोघी कसल्या, तिघं म्हणायला हवं. सगुणाबाई तेव्हा देवाशी घरातल्या माणसासारखी बोलायची. दूध उतू गेलं तरी त्याला सांगायची, दवाखान्यातली मेट्रन रागावली तरी त्यालाच. साधना हसून म्हणायची, आई, त्याला जरा उसंत दे.

१९९४च्या पावसाळ्यात साधनाला कावीळ झाली. बावीस वर्षांची पोरगी, डी.एड. होऊन नुकती शाळेत लागलेली. चर्चनं तिच्यासाठी साखळी प्रार्थना धरली. ही तिथली जुनी रीत. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने आखलेला कागद चर्चच्या दाराशी लावायचा. ज्यानं त्यानं एका रकान्यात नाव घालायचं, तेवढा वेळ घरी बसून प्रार्थना करायची आणि वेळ संपली की पुढच्याच्या दाराची कडी वाजवून यायचं. मग पुढचा बसतो. संध्याकाळी आपापल्या रकान्यात बरोबरची खूण करायची.

सगुणाबाईनं दुपारचा दोन ते अडीच घेतला होता. ती दवाखान्यात, खाटेशीच गुडघे टेकून बसायची. तिसऱ्या दिवशी सव्वादोनला, आई डोळे मिटून मागत असतानाच, साधना गेली.

दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी तिलाच प्रार्थना करायला सांगितलं, आणि तिथं तिच्या हातून चूक झाली. तोंड उघडलं तशी सवयीनं ती इस्त्रीची भाषा बाहेर आली. तिनं देवाचे आभार मानले. त्याच्या अगाध प्रेमाबद्दल मानले, त्याच्या कधीही न चुकणाऱ्या योजनेबद्दल मानले, खणखणीत आवाजात, एकदाही न अडखळता. माणसं ढसाढसा रडली. काय विश्वास आहे बाईचा, म्हणाली. त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं. तिला त्या वेळी जे बोलायचं होतं ते देवापुढे काढायचं नसतं, असंच तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं.

घरी येऊन ती गप्प झाली. देवाशी खोटं बोलवेना आणि खरं बोलायची भीती वाटे. माणूस एकटं पडतं म्हणजे काय, हे तिला नवरा गेला तेव्हा कळलं नव्हतं. ते आता कळलं. दूध उतू गेलं तर ती नुसता ओटा पुसायची.

चारचौघांत मात्र गाडी रुळावरून चालली होती. बोलावलं की जायची, उभी राहायची, बोलायची. साखळी धरली की दोन ते अडीचचा रकाना कुणी दुसरं घेतच नसे, तो तिचाच. दोन वाजले की ती दार लावून घ्यायची, परातीत काहीतरी निवडायला घ्यायची आणि घड्याळाकडे बघत बसायची. अडीचला उठून दोन दारं पलीकडच्या भागीबाईची कडी वाजवायची. सत्तरी ओलांडलेली भागीबाई आतून खोकायची. संध्याकाळी बरोबरची खूण.

२००२च्या जानेवारीत त्र्यंबक रोडला हर्षलच्या मोटारसायकलला अपघात झाला. हर्षल म्हणजे मागच्या गल्लीतल्या उज्वलाचा नवरा, एसटीच्या वर्कशॉपमध्ये कामाला. डोक्याला मार बसला, पायाचं हाड दोन जागी मोडलं. पाच दिवस तो बेशुद्ध होता. साखळी धरली गेली. शुक्रवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी त्यानं डोळे उघडले आणि बायकोला नावानं हाक मारली.

शनिवारी सकाळी उज्वला द्राक्षांची पिशवी घेऊन दारात उभी. तिनं चर्चच्या दारावरचा कागद बघितला होता. सगुणाबाईचे दोन्ही हात हातात घेऊन ती म्हणाली की तुमच्याच वेळात झालं, मावशी, आणि उद्या उपासनेत सगळ्यांपुढे उभी राहून मी देवानं काय केलं त्याची साक्ष देणार आहे, तुमचं नाव घेऊन.

सगुणाबाईला तो शुक्रवार लख्ख आठवत होता. तिनं मेथी निवडली होती. जुडीत माती फार निघाली, भाजीवालीनं फसवलं, हेच डोक्यात होतं. हर्षलचं नावसुद्धा मनात आलं नव्हतं.

माझं नाव घेऊ नकोस, असं ती परत परत सांगत राहिली. उज्वलाला तो तिचा नम्रपणा वाटला. दुपारी सगुणाबाई पाळकसाहेबांकडे गेली. तेही हसले, देवाचं काम झाकून ठेवू नये म्हणाले. तेव्हाच सरळ सांगून टाकायचं होतं. पण खरं सांगितलं तर तिला कोण बोलावणार होतं? दुसऱ्यांच्या घरातल्या त्या खुर्च्या, तो चहा, तेवढंच तर तिच्याजवळ उरलं होतं. ती चप्पल घालून परत आली.

रविवारी उज्वलानं साक्ष दिली. रडत रडत दिली, नाव घेऊन दिली. सगळ्या माना वळल्या. पाळकसाहेबांनी सगुणाबाईला उपकारस्तुतीची प्रार्थना करायला पुढे बोलावलं. ती उभी राहिली. ‘हे परमदयाळू’ अगदी ओठांवर आलं आणि तिला साधनाच्या कबरेवरची ओली माती दिसली. तिथंही असंच ओठांवर आलं होतं. ती थांबली. इतका वेळ थांबली की लोकांनी डोळे उघडले.

“मी त्या वक्ताला प्रार्थना केली नाय,” ती म्हणाली. “मेथी निवडत होते. साधना गेल्यापासून मी एकदाबी प्रार्थना केलेली नाय. तुमच्यापुढं केली ती नुसती तोंडानं बोलले.”

ती खाली बसली. पेटीवाल्यानं गडबडीत पुढचं गीत धरलं. उपासना सुटल्यावर दाराशी दोघीतिघींनी तिला नेहमीसारखा निरोपाचा सलाम केला, बाकीच्यांना अचानक घाई झाली. उज्वला वर न बघता निघून गेली.

त्यानंतर तिला बोलावणी आली नाहीत. महिला मंडळानं गुरुवारची प्रार्थना दुसरीला दिली. कुणी तोंडावर काही बोललं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. संध्याकाळी ती पायरीवर बसे आणि समोरून जाणारी माणसं जरा पलीकडून जात. लोकांशी खरं बोलून झालं होतं. ज्याच्याशी खोटं सुरू केलं होतं, त्याच्याशी मात्र अजून अबोलाच होता. एवढी एकटी ती साधना गेली तेव्हाही नव्हती.

मार्चमध्ये हर्षलच्या पायाचं दुसरं ऑपरेशन ठरलं. साखळी धरल्याचं तिच्या कानावर आलं, पण कागद बघायला ती गेली नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी ती सवयीनं मेथीची परात घेऊन बसली होती. बरोबर दोनला तिच्या दाराची कडी वाजली.

दारात उज्वला होती. दीड ते दोन माझं होतं, ते झालं, म्हणाली. दोनच्या रकान्यात मी तुमचं नाव घातलंय.

सगुणाबाई म्हणाली की मला जमायचं नाही.

“त्या रविवारी मला तुमचा फार राग आला होता, मावशी,” उज्वला म्हणाली. “महिनाभर मी तो राग देवालाच सांगत होते. मेथी निवडायची तर निवडा. पण जे काय असेल ते त्याच्याशी बोलत निवडा.”

ती आत न येता गेली. सगुणाबाईनं दार लावलं, परातीपुढं बसली, चारदोन काड्या निवडल्या. हे परमदयाळू, असं म्हणून बघितलं. पुढं सरकेना. मग तिनं परात बाजूला सारली.

“साधनाला नेलंस ते मला पटलं नाय,” ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला ओळखू येईना. “मी तुझ्यापुढं गुडघ्यावर होते आन् तू तिला नेलंस. मातीपाशी मी तुझे आभार मानले, ते खोटे होते. मला तुझा राग होता. अजून हाय.”

आणि मग बांध फुटल्यासारखं झालं. ती रडली, भांडली, आठ वर्षांतलं एकेक काढून बोलली. मेट्रन वारल्याचं सांगितलं, गुडघे दुखतात ते सांगितलं, घरात बोलायला कुणी नाही ते सांगितलं. तुझ्याशी बोलत नव्हते तर मला करमत नव्हतं, हेही सांगून टाकलं. शेवटी हर्षलचा पाय आठवला. तो नीट कर, एवढंच म्हणाली, तेही साध्या आवाजात.

डोळे पुसून तिनं घड्याळ बघितलं तर तीन वाजून गेलेले. भागीबाईची कडी राहिलीच होती. ती धडपडत उठली, दार उघडलं, तर भागीबाई तिच्याच पायरीवर भिंतीला टेकून बसलेली. कडी वाजली नाही म्हणून बघायला आली होती आणि आतला आवाज ऐकून तिथंच बसली होती. सगुणाबाई ओशाळली. तुमचा अर्धा तास माझ्यापायी गेला, म्हणाली.

“आठ वर्षांचं साचल्यालं,” भागीबाई म्हणाली, “अर्ध्या तासात कसं आटपंल, बाई?”

मग भागीबाईनं आत येऊन परात पुढं ओढली आणि उरलेली मेथी दोघींनी मिळून निवडली.